गंज कोणता आणि पत्रा कोणता

मराठी साहित्यचर्चेत गंज हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. प्रतिभेला गंज चढतो, भाषेला गंज चढतो, आणि परंपरेवरचा गंज झटकून टाकण्याचे आवाहन परिसंवादाच्या अध्यक्षीय समारोपात हमखास येते. 'झटकून' हे क्रियापद ऐकले म्हणजे बोलणाऱ्याचा गंजाशी प्रत्यक्ष संबंध आलेला नाही हे कळते. झटकली जाते ती धूळ. गंज खरवडावा लागतो, आणि तो बाहेरून येऊन बसलेला नसतो. लोखंडाचाच काही भाग पाणी आणि प्राणवायू यांच्या संगतीने गंज झालेला असतो. म्हणून गंज काढणे म्हणजे जे आधीच गेले आहे त्याचा हिशेब करणे होय. रूपक वापरायचेच तर एवढी गोष्ट लक्षात ठेवून वापरावे, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे पुस्तकातून आलेले नाही. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक, एक जळगावला आणि एक धुळ्याला शिकवणारे. धुळ्याच्या एका घराच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या तळाचा गंज आम्ही गेले वर्षभर सुट्टीच्या दिवशी काढत आहोत. या कामाने 'मूळ', 'शुद्ध' आणि 'जीर्णोद्धार' या आपल्या लाडक्या शब्दांकडे पुन्हा पाहणे भाग पाडले.

पद्मिनी ही मराठी माणसाच्या आठवणीतली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघू लागली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २००३ सालची. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा स्मरणलेखांचा पूर आला. काळापिवळा रंग, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, आतली सजावट यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. तळाविषयी लिहिलेले मात्र आमच्या वाचनात आले नाही. वस्तुतः या गाडीची खरी कथा तळाशीच आहे. खान्देशच्या रस्त्यांवर माणसांनी लादून धावणाऱ्या काळीपिवळी जीपला स्वतंत्र सांगाडा असतो. वरची बॉडी उतरवली तरी सांगाडा चाकांवर उभा राहतो. पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालून जाणारी पेटीसारखी पोकळ पट्टी आणि वरचे कवच मिळूनच तिचा सांगाडा होतो. तिची त्वचा हेच तिचे हाड. साहजिकच तळ गंजला तर रूप बिघडत नाही, आधार जातो. आसनांचे बोल्ट याच पत्र्यात बसवलेले असतात, म्हणजे माणसे अक्षरशः त्यावर बसलेली असतात.

खान्देशात गंज कुठून येणार, असा प्रश्न कोणी विचारील. इथे समुद्र नाही, खारी हवा नाही; पाऊस कोकणाच्या मानाने किरकोळ आणि उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जाणारा. पण इथे तापी-गिरणेच्या काठची काळी माती आहे. कापसाच्या आणि केळीच्या शेतांतून येणाऱ्या वाटांवरचा हा चिखल चाकांच्या कमानीत, तळाच्या घडीत आणि पोकळ पट्ट्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो. वरून तो वाळलेला दिसतो, आत ओल धरून राहतो. पाणी निथळून जावे म्हणून कारखान्याने ठेवलेली लहान भोके त्याने बुजतात आणि मग पट्टी आतून सडत जाते. कोकणातला गंज सर्वांगावर दिसतो. आमच्याकडचा गंज कोपऱ्यात बसून काम करतो. बाहेरचा रंग शाबूत आणि बोट लावले की पत्रा आत, असा त्याचा रिवाज आहे.

गॅरेजच्या बोलीत या अवस्थांना वेगवेगळे शब्द आहेत. 'गंज धरला' म्हणजे वरवर लाली आली; 'पोपडे सुटले' म्हणजे थरांखाली थर तयार झाले; 'पत्रा सडला' म्हणजे आता पत्रा नाहीच. आमच्या समीक्षेला या तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो. पत्राकाम करणारे मिस्त्री हा फरक डोळ्यांनी कमी आणि कानांनी अधिक ओळखतात. हातोडीने हलके ठोकले की चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. माठ घेताना आपण जे करतो तेच. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही, कान मात्र तयार व्हावा लागतो.

कामाचा क्रम साधा आहे. गाडी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर ठेवायची. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि जायचे नाही. चिखल धुऊन तळ पूर्ण वाळू द्यायचा. नंतर खरवडणी, तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर या क्रमाने धातू उजळेपर्यंत यायचे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असल्याशिवाय हे करू नये. वेल्डिंग करायचे तर मागची पेट्रोलची टाकी आधी उतरवावी लागते. आमच्या गाडीवर सर्वांत जास्त वेळ गेला तो गंज काढण्यात नव्हे, डांबर काढण्यात. पूर्वी कधीतरी कोण्या गॅरेजात गंजावरच डांबराचा जाड थर फासला गेला होता. उन्हाने डांबर तडकते, तडीतून पाणी शिरते, आणि ते बाहेर पडायला वाट राहत नाही. संरक्षणासाठी दिलेला थरच गंजाचे घर होतो. वरच्या अंगाला हेच काम लांबी करते. भोकात लांबी भरून वर रंग मारला की गाडी विक्रीला उभी राहते. 'लांबी' या शब्दावर मराठीच्या प्राध्यापकांनी अधिक भाष्य करण्याची गरज नाही. आपल्यातल्या अनेकांचे प्रबंध ते करतीलच.

येथे एका रसायनाकडे लक्ष वेधावेसे वाटते. जिथे ब्रश पोचत नाही अशा खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल लावतात. त्यातून लोहाचे फॉस्फेट तयार होते आणि ते धातूला चिकटून राहते. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उघड्यावर टिकला, त्यामागेही त्या लोखंडातील फॉस्फरसमुळे तयार झालेला संरक्षक थर हे एक प्रमुख कारण मानले जाते. दुसरा उपाय टॅनिनचा. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा, स्थिर पदार्थ होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे काळी शाई करत, ती याच क्रियेने. ज्या क्रियेने अक्षर कागदावर काळे होते, तीच गंजाला थोपवते. तेव्हा तळावरची प्रत्येक लाली शत्रू नसते. सैल असेल ती काढावी, घट्ट असेल तिचे रूपांतर करावे, सडलेले कापून तेवढ्याच आकाराचे ठिगळ जोडावे, आणि चांगल्या पत्र्याला हात लावू नये.

हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड. सगळा तळच कापून नवा पत्रा घाला, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तो सोयीचा आहे, आणि कित्येकदा स्वस्तही. पण मग उरते ती कोणती गाडी? केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्यातही चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. ज्या गाडीत तळ हाच सांगाडा, तिथे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा त्यांच्यापुढे अडीच-तीन शतकांत चढलेले अपपाठ होते. त्यांनी ते काढले आणि पुढच्यांना आपली ओवी त्यात न घालण्याची ताकीद दिली. काढणाऱ्याने भर घालू नये, ही त्या शिस्तीची मर्यादा. याउलट उदाहरण आमच्या जळगावचे आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ऐकून लिहून ठेवली. १९५२ मध्ये ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तिथे मोह होता तो प्रमाण मराठीचा. कोणी संपादक तारेचा ब्रश घेऊन बसला असता आणि त्या गाण्यांतली बोली खरवडून 'शुद्ध' मराठी उजळ केली असती, तर आज हाती काय राहिले असते? गाणी बोलीतच छापली गेली, म्हणून ती राहिली.

आमचा मुद्दा इथे येऊन ठेपतो. आमच्या वर्गात अहिराणी आणि लेवा बोली बोलणारी मुले येतात. त्यांच्या उत्तरपत्रिकांत बोलीचे रूप उतरले की लाल शाईने ते खोडणारे हात आपल्याच व्यवसायातले असतात, आणि भाषेवरचा गंज काढत असल्याची त्यांची समजूत असते. परीक्षेसाठी प्रमाण लेखन शिकवावेच, त्याला आमचा विरोध नाही. परंतु बोली ही प्रमाण भाषेवर चढलेली लाली नव्हे. तो खालचा पत्रा आहे, ज्यावर वरचे कवच उभे असते आणि माणसे बसलेली असतात. तो खरवडला तर वरचा रंग काही वर्षे चकाकेल, पुढचे सांगायला नको.

या सगळ्यावर एक आक्षेप संभवतो: पगारदार प्राध्यापकांनी सुट्टीत गाडी खरवडणे ही हौस आहे, आणि पोटासाठी हेच काम रोज करणाऱ्याला त्यातून तत्त्वज्ञान सुचत नाही. आक्षेप रास्त आहे. धूळ त्याच्या छातीत जाते, लेख आम्ही लिहितो. मात्र तत्त्वज्ञान त्याला सुचत नाही हे आम्हाला मान्य नाही. कुठे थांबायचे हे ज्याला हातोडीच्या आवाजावरून कळते, त्याच्याजवळ चिकित्सेची दृष्टी आहेच. तिला आपण शास्त्राचे नाव दिले नाही एवढेच. संहिता-संपादनाच्या अभ्यासपत्रिकेत एक तास अशा मिस्त्रीचा ठेवावा, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांनी तळाखाली जावे, ठोकून पाहावे, आणि वर येऊन गंज कोणता व पत्रा कोणता हे आधी सांगावे. हातात ब्रश त्यानंतर द्यावा, आणि लाल शाईची लेखणीही.