न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

‘काका, गाडीचे किती म्हणताय?’ हा प्रश्न आठवड्याभरात फोनवर चार जणांनी विचारला आणि चारही वेळा माझी गडबड उडाली. माझी उभी नोकरी बँकेत दुसऱ्यांच्या मालमत्तेची किंमत ठरवण्यात गेली. घर, शेत, दुकानातला माल, ट्रॅक्टर, दुभती म्हैस, सगळ्यांवर आकडे टाकून खाली सही केली. पण स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या, २००७ साली घेतलेल्या गाडीचा आकडा काही तोंडातून बाहेर पडेना.

गाडी म्हणजे डिझेलवरची इंडिगो मरीना. आजच्या मुलांना हे नावही ठाऊक नसेल. छत शेवटपर्यंत सरळ गेलेलं, मागची डिकी वेगळी न दिसता गाडीतच सामावलेली. इंग्रजीत अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ तिला शेवटपर्यंत ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणत. आपल्याकडे हा प्रकार रुजलाच नाही. टाटांनी १९९२ मध्ये एस्टेट आणली, २००४ मध्ये मरीना आणली. मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली. सगळ्या आल्या तशा गेल्या. डिकी बाहेर दिसली की प्रतिष्ठा आणि आत गेली की टेंपो, असं आपलं साधं गणित. नवी असताना जी गाडी लोकांनी घेतली नाही, ती जुनी झाल्यावर कोण शोधत येणार? पण गंमत अशी की, अशा गाडीला गिऱ्हाईक थोडं असलं, तरी जे येतं ते नेमकी तीच गाडी हवी म्हणून येतं. हे मला पुढे कळलं.

सवयीप्रमाणे आधी पुस्तक उघडलं. विमा कंपन्यांचं गाडीच्या घसाऱ्याचं एक कोष्टक असतं. पहिल्या सहा महिन्यांत किमतीतून पाच टक्के वजा, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. पुढची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवावी, एवढंच म्हणून ते थांबतं. म्हणजे माझ्या गाडीचं जवळजवळ सगळं आयुष्य पुस्तकाच्या बाहेरच गेलेलं!

मग कायद्याकडे वळलो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती २०२२ मध्ये संपली, तेव्हा पासिंग करून पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षं वाढवून घेतली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ती दहा हजार झाली. म्हणजे घेणाऱ्याला २०२७ मध्ये हा खर्च आहेच. शिवाय डिझेलचं म्हणून एक वेगळं दुखणं. आम्ही गाडी घेतली तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात घसघशीत अंतर होतं आणि त्याच अंतरावर डिझेल गाडीची सगळी ऐट उभी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ते अंतर आटलं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्यात पुष्कळ उलटसुलट झालं आणि आपल्याकडे तशी बंदी नाही. पण ‘जुनं डिझेल’ म्हटलं की गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी उमटते, ती तेव्हापासून.

आता राहिले मिस्त्री. आमचे मिस्त्री सकाळी सातला आले आणि बॉनेटवर तळहात ठेवून म्हणाले, ‘बरं केलंत साहेब, गाडी थंड ठेवलीत. गिऱ्हाईक यायच्या आधी जो गाडी गरम करून ठेवतो, तो काहीतरी लपवतो.’ पहिल्या सेल्फला इंजिन लागतं का ते त्यांनी पाहिलं. धूर पाहिला. काळा असेल तर नोझल नाहीतर एअर फिल्टर, निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर जपून राहा. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहिलं. मागची मॅट उचलून गंज पाहिला. शेवटी मीटरकडे न बघता क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. ‘मीटर मागे घेता येतो साहेब, रबर परत उगवत नाही.’

निकाल असा लागला: टायर आणि बॅटरी घेणाऱ्याला लवकरच बदलावी लागणार. पत्रा दोन ठिकाणी खाल्लेला. इंजिन ठणठणीत. जुन्या गाड्यांचा दलाल पंचेचाळीस हजार देईल, थेट घरगुती गिऱ्हाईक सत्तरपर्यंत जाईल.

‘आणि ते खंबाटकीचं?’ मी विचारलं.

मे २०१९ मध्ये साताऱ्याला एका लग्नाला जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला. निघताना पाणी बघायला हवं होतं, ते मी बघितलं नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं, पण मुहूर्त गाठायचा होता, म्हणून तशीच दामटली. मुहूर्त मिळाला, इंजिनाचं हेड गेलं. सगळं उघडून, हेड मशीनिंग करून, गॅस्केट बदलून बावीस हजारांचं बिल झालं. चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर गाडी चाळीस हजार किलोमीटर विनातक्रार धावली हे खरं, पण एकदा तापून हेड उतरलेलं इंजिन ते उतरलेलंच.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर कशाला बोलायचं?’

दोन दिवसांनी एक मुलगी आली. तिशीची असेल. तिने बॉनेट उघडायला सांगितलं नाही, अ‍ॅव्हरेज विचारला नाही. पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि मागचं दार उघडून उंची-रुंदी मोजायला लागली. तिच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. व्हीलचेअर दर वेळी घडी करून रिक्षात कोंबायची, परत काढायची, यात ती मेटाकुटीला आली होती. खुर्ची न दुमडता मागे जाते आणि बाबा शेजारच्या सीटवर बसू शकतात, हे कळल्यावर तिचा चेहराच उजळला. ‘काका, मला हीच गाडी हवी होती,’ ती म्हणाली. घासाघीससुद्धा केली नाही. ‘रविवारी भावाला घेऊन येते, तेव्हा आकडा सांगा.’ इंजिनाबद्दल एक शब्द विचारला नाही.

त्या रात्री मला बँकेच्या परीक्षेसाठी केलेला अभ्यास आठवला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम फसवणुकीविषयी आहे. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं ते म्हणतं आणि उदाहरण घोड्याचं देतं. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे, तो काही बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. म्हणजे आमच्या मिस्त्र्यांच्या बाजूने थेट संसदेचा नव्हे तरी इंग्रज सरकारचा कायदा उभा! पण लगेच दुसरं उदाहरण येतं. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. परीक्षेसाठी घोकताना यातलं ‘मुलगी’ हे मला निव्वळ उदाहरण वाटलं होतं.

अर्थशास्त्रानेही या प्रश्नावर डोकं लढवलं आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे खराब निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण नवी गाडी लिंबावरून नेतो आणि बॉनेटला लिंबू-मिरची बांधतो, ते वेगळं. अकरलॉफचं म्हणणं सोपं आहे. गाडीचं खरं दुखणं विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधला भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे लिंबं उरतात. मग भाव आणखी पडतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. विशेष म्हणजे त्याच निबंधात त्यांनी भारतातल्या सावकाराचाही दाखला दिला आहे. सावकार कर्जदाराला ओळखतो, म्हणून त्याचं चालतं. बाहेरचा माणूस त्याच्या धंद्यात उतरला तर बुडवणारेच त्याच्या वाट्याला येण्याची भीती. हे मी शाखेत रोज पाहिलं आहे. कागद सगळ्यांचे सारखेच असायचे. माणसागणिक वेगळं काही असेल तर ते कागदावर न आलेलं.

तेव्हा जुन्या गाडीची किंमत ठरते कशावर? माझं उत्तर असं. तिचा तळ भंगारवाल्याच्या काट्यावर असतो आणि वरची मर्यादा घेणाऱ्याच्या गरजेत असते. या दोहोंमध्ये आकडा कुठे थांबायचा, ते तिच्याबद्दलची माहिती दोघांकडे सारखी आहे की नाही, यावर ठरतं. आणि जितकी गरज मोठी, तितकी गप्प राहणाऱ्याची कमाई मोठी. मला सत्तर हजार मिळाले असते, त्यातला काही भाग गाडीचा नसून माझ्या मौनाचा असता. तो भाग मी त्या मुलीच्या अडचणीतून काढून घेतला असता. एरवी गाडी घाटात बंद पडली तर लग्न चुकतं. हिची बंद पडली तर डायलिसिस चुकणार होतं.

सौ.ला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘सांगणार असाल तर आकडा ठरायच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल, तिचे पैसे थोडेच परत येणार आहेत?’ माझ्या सगळ्या अभ्यासात ही गोष्ट मला सुचली नव्हती.

रविवारी दोघं आली. बोलणी सुरू होण्याआधी मी एक कागद पुढे ठेवला. खंबाटकी, हेड, बिलाची प्रत, गंज, टायर, बॅटरी, २०२७ ची फेरनोंदणी, सगळं तारखेनिशी. मुलगी गप्प झाली. भाऊ म्हणाला, ‘आमच्या माणसाला दाखवून घेतो.’ त्यांनी दाखवून घेतली आणि साठ हजारांना व्यवहार ठरला. म्हणजे बोलण्याचे मला दहा हजार पडले. ते मला जाणवले नाहीत असं म्हणणार नाही. निवृत्त माणसाला दहा हजार जाणवतात.

माझी सूचना एवढीच आहे. गाडी विकताना आपण फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करतो. नाव वेळेत बदलून घेतो, कारण नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्या सह्यांबरोबर आणखी एक कागद द्यावा. गाडीला काय काय झालं ते आपल्या हाताने लिहिलेला, आणि भाव ठरायच्या आधी दिलेला. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, एजंट लागत नाही. कायदा तो मागत नाही, हे मला माहीत आहे. परक्याला घोडा विकताना गप्प राहण्याची मुभा कायद्याने दिली आहे. पण घ्यायला आलेलं माणूस परकं आहे की नाही, हे कायदा आपल्याला विचारत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं असतं.

गाडी नेताना त्या मुलीने माझा कागद घडी करून समोरच्या कप्प्यात ठेवला, आरसी बुकाशेजारी.