तिला आधी झोपू द्या

जुलै 2025 मध्ये नायगावमधून एका अल्पवयीन बांगलादेशी मुलीची सुटका झाली. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाने स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने ती केली. बातमीत अत्याचार करणाऱ्यांचा आकडा ठळक छापला होता. तो आकडा आम्ही येथे देत नाही. त्या पोरीला रात्री झोप लागते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अशी बातमी आली की घराघरांतून पहिला प्रश्न निघतो, “पण ती गेलीच कशी?” आणि मुलगी धड उत्तर देऊ शकली नाही की आपण ठरवून टाकतो, खोटे बोलते आहे.

लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी युरोपात विकल्या गेलेल्या आणि पुढे सुटलेल्या 207 मुली-स्त्रियांची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध केली. सुटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत दहापैकी आठ जणींचे डोके दुखत होते. दहापैकी सहा जणींना गोष्टी नीट आठवत नव्हत्या. भीतीने पिंजलेल्या मनात तारखा चुकतात, माणसे उलटसुलट होतात. म्हणून या मुलींना जबाबासारखे मोठे निर्णय घ्यायला लावण्यापूर्वी निदान 90 दिवस सावरायला द्यावेत, असे संशोधकांनी सुचवले. आपल्याकडे शेजारीणसुद्धा 90 मिनिटे थांबत नाही!

आपल्याच जिल्ह्यात बोईसरला रेस्क्यू फाउंडेशनचे निवारागृह आहे. अशा कामात नवे शास्त्र सांगते ते ऐकायला साधे वाटेल. खोलीत शिरण्याआधी दार वाजवा. आता डॉक्टरीण येईल, काय तपासेल, हे आधी सांगा. नको म्हणाली तर थांबा. तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. तिच्यावतीने सगळे निर्णय दलाल घेत असे. आता निदान कोणता ड्रेस घालायचा, हे तिला ठरवू द्या.

मुलगी बांगलादेशी असली तर आणखी एक शिक्का तयारच असतो: घुसखोर. पण तपासात ती फसवून, जबरदस्तीने आणली गेल्याचे दिसले तर परदेशी नागरिक कायद्याखाली तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये, असे केंद्रीय गृहमंत्रालयाने 2012 मध्येच राज्यांना कळवले होते. मोहल्ल्यात हे माहीत असायला हवे. बंगाली बोलणारी दिसली की आपलीही माणसे दचकतात, अंग काढून घेतात.

आणि आपल्याकडे तर सूरह नूर आहे. तिच्या 33व्या आयतीत मुलींना वेश्याव्यवसायाला लावण्याची मनाई आहे. ज्यांच्यावर बळजबरी झाली, त्यांच्यासाठी अल्लाहची क्षमा आणि दया आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर आळ घेणाऱ्यांना फटकारले गेले, तेही याच सूरहमध्ये.

सावरलेल्या मुली बहुधा शिवणवर्गात येतात. (संस्थांना शिवणकामापलीकडे काही सुचत का नाही, हा वेगळा विषय.) आपल्या वर्गात अशी कोणी आली तर ती सांगेल तेवढेच नाव पुरे. दार दिसेल अशा जागी तिचे मशीन ठेवा, मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. आणि शेजारच्या इमारतीत एखादी मुलगी कोंडलेली वाटली तर स्वतः चौकशीला जाऊ नका, 1098 किंवा 112 वर फोन करा.