विकलेला वेग आणि मिळणारा वेग

रात्री नऊचा सुमार झाला की शहरातील कोणत्याही वसाहतीत तेच दृश्य दिसते. क्रिकेटचा सामना अडखळू लागतो, मुलीचा चित्रफितीतील पाठ मध्येच गोठतो आणि परीक्षेचा अर्ज अर्ध्यावर राहतो. घरात जोडणी १०० मेगाबिट वेगाची असते आणि तिचे पैसेही आगाऊ भरलेले असतात. मग हा वेग जातो कोठे? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा धंद्याच्या गणितात अधिक सापडते.

घरोघरी आलेल्या फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका मुख्य धाग्यातून सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट माहिती येते आणि ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांना शंभरचा वेग विकला, तर विक्री ६,४०० ची होते. यात लबाडी आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. बँकही सगळ्या ठेवी रोखीत ठेवीत नाही. स्वच्छ चित्राला पाचएक मेगाबिट पुरतात. चौसष्टही घरांनी एकाच वेळी चित्रपट लावला, तरी ३२० च्या आसपासच लागतील. खरी कोंडी होते ती पुढे. अशा अनेक गल्ल्यांचे ओझे जेथे एका वाहिनीत ओतले जाते आणि ती वाहिनी कंपनीला पैसे मोजून वाढवावी लागते, तेथे. नवा ग्राहक पहिल्याच महिन्यापासून वर्गणी देतो. वाहिनीसाठी मात्र एकरकमी खर्च करावा लागतो. त्यामुळे ग्राहक आधी आणि क्षमता मागाहून, हा क्रम आपोआपच पडतो. शिवाय बँकेचे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहत नाहीत. इंटरनेटचे ग्राहक रोज रात्री राहतात.

मोबाईलच्या क्षेत्रात हाच क्रम अधिक ठळकपणे दिसला. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ पासून मार्च २०१७ अखेरपर्यंत सेवा फुकट दिली आणि सहा महिन्यांच्या आत दहा कोटी ग्राहक मिळविले. दर कोसळले, सामान्य माणसाच्या हाती इंटरनेट आले. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण ग्राहक जमल्यावर २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये साऱ्याच प्रमुख खाजगी कंपन्यांनी दर चढविले, हेही खरे. आता भर आहे तो एअरफायबरवर. रस्ता खणण्याची परवानगी नको, गच्चीवर ॲन्टेना बसविली की काम झाले! २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही ही सेवा सुरू केली. परंतु घरातील दूरचित्रवाणी संच एका मोबाईलच्या कितीतरी पट माहिती ओढतो, आणि त्याच मनोऱ्यावर रस्त्यावरचे मोबाईलही अवलंबून असतात.

नियम नव्हते असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनुसार गर्दीच्या वेळी वाहिनीचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा होता. तो ९० टक्क्यांपलीकडे गेला तर कोंडी झाली असे मानून महिन्याभरात क्षमता वाढवायची होती. २००९ मध्ये एका क्षमतेवर घरगुती ग्राहक जास्तीत जास्त पन्नास, अशी मर्यादा घालण्यात आली. याचा अर्थ, शंभरच्या जोडणीत अगदी वाईट वेळी दोन मेगाबिट! हा हिशेब जोडणी देणारा माणूस ग्राहकाला कधी सांगतो काय? ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली लागू झाली. मोबाईल सेवा कोठे पोहोचते त्याचे नकाशे प्रसिद्ध करण्याचे बंधन तीत आहे. तथापि, सेवा पोहोचणे वेगळे आणि रात्री नऊला ती कामास येणे वेगळे. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेणे ज्याला परवडते, त्याचे भागते. ज्या घरात एकाच मोबाईलवर दोन भावंडांचा अभ्यास चालतो, तेथे मात्र कोंडीचा भुर्दंड अभ्यासाला बसतो.

रास्त भावाच्या दुकानातही फलकावर साठा लिहावा लागतो. मग त्या त्या वस्तीत रात्री आठ ते अकरा या वेळात मिळालेला किमान वेग दरमहा बिलावर छापण्यास हरकत कोणती? त्याने खर्च वाढेल, असे कंपन्या म्हणतील, थोडा वाढेलही. याच कंपन्या गेली काही वर्षे चित्रपट-मालिका दाखविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून जाळ्याच्या खर्चाचा वाटा मागत आहेत. ती मागणी रास्त की अवास्तव, हे ठरविण्यासाठीसुद्धा वस्तीवार आकडे आधी लोकांपुढे यावे लागतील.