बियाणे कोणाचे आणि जबाबदारी कोणाची?

जनुक बदललेली पिके शेतात लावावीत की लावू नयेत, हा वाद आपल्या देशात दोन तपे चालू आहे. आपण कलाशाखेचे विद्यार्थी मात्र 'तो सायन्सवाल्यांचा विषय' असे म्हणून त्याकडे पाठ फिरवतो. वास्तविक पाहता या वादात जीवशास्त्राचा भाग थोडा आहे. अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा व समाजशास्त्राचा भाग मोठा आहे. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. शेवगाव, पाथर्डी, नेवासे या भागांतून येणाऱ्या कित्येक मित्रांच्या घरचा वर्षाचा हिशेब कपाशीवर ठरतो. तेव्हा या विषयावर आपले काही मत असावे, आणि ते घोषणा ऐकून नव्हे तर पुरावा पाहून बनलेले असावे, असे मला वाटते.

योगायोग असा की, या वादाची दोन टोके आपल्याच जिल्ह्यात आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंडही न पाहता भाज्यांची, भाताची, वालांची गावठी वाणे जपली व त्यांची बीजबँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दुसरीकडे, १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, अकोली जहाँगीर येथे हजारावर शेतकरी जमले आणि त्यांनी सरकारी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. त्या सविनय कायदेभंगाचे नेतृत्व करणारे शेतकरी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट हेही आपल्याच जिल्ह्यातले. एक म्हणते, बी घरचे असावे. दुसरा म्हणतो, बी निवडण्याचे स्वातंत्र्य असावे. दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : बियाण्यावर सत्ता कोणाची?

थोडा इतिहास पाहू. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाडातच असे प्रथिन तयार होते की, ते खाल्ल्यावर बोंडअळी मरते. हे बियाणे आणणाऱ्या कंपनीत जालन्याची महिको व अमेरिकेची मोन्सॅन्टो भागीदार होत्या. परंतु परवानगीपूर्वीच, २००१ साली, गुजरातेत हजारो एकरांवर चोरून आलेले बीटी उभे असल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे या देशात हे तंत्रज्ञान प्रथम मागच्या दाराने आले आणि मग सरकारने पुढचे दार उघडले.

लाभ झाला नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. २००२-०३ साली देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ साली तो ३९८ लाखांच्या घरात गेला. हे सारे श्रेय बीटीचे नव्हे. क्षेत्र वाढले, गुजरातेत पाणी आले, खते वाढली. तरीही हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे कपाशी पिकवणारा कोणीही सांगेल. परंतु पुढे काय झाले? सर्वत्र एकच औषध दिले की रोग त्याला सरावतो, तसे शेंदरी बोंडअळीचे झाले. २०१० च्या सुमारास गुजरातेत तिने पहिल्या बीटीला दाद दिली नाही आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दुहेरी जनुकाच्या कपाशीचीही बोंडे पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ज्या बियाण्याने फवारणी कमी होणार होती, त्याच्याच शेतात ही माणसे फवारा घेऊन उभी होती.

हा दोष केवळ जनुकाचा आहे काय? पिशवीबरोबर साध्या कपाशीच्या बियांची वेगळी पुडी मिळे. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. कित्येकांनी ती बांधावर फेकली, कारण तिचा उपयोग त्यांना कोणी नीट सांगितलाच नाही. वेचणीनंतर फरदड ठेवल्यामुळे अळीला बारमाही घर मिळाले. आणि आपल्याकडे बीटी आले ते जवळजवळ सर्व संकरित वाणांत. त्यामुळे सरकी राखून पेरण्याची वाट बंद झाली व दरवर्षी दुकानाची पायरी चढणे आले. तंत्रज्ञान आले, पण त्याचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत आले नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना ज्या अविद्येला सर्व अनर्थांचे मूळ मानले, ती आजही पिशवीवरच्या बारीक अक्षरांत दबा धरून बसली आहे.

आता बंदीचे पाहू. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली तेच वांगे स्वीकारले. जनुकीय मोहरीला २०२२ मध्ये मिळालेली परवानगी न्यायालयात अडकली व जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. सावधगिरी बाळगणे मी गैर मानत नाही. खाण्याच्या पिकाला तर ती हवीच. पण सावधगिरी म्हणजे तपासणी. नुसते दार लावून घेणे नव्हे.

कारण दार लावले तरी खिडकी उघडीच राहते. तणनाशक-सहनशील कपाशीला परवानगी नाही, तरी 'चोर बीटी' गावोगाव मिळते. २०१९ साली लागू असलेल्या कायद्याने यासाठी पाच वर्षे कैद व एक लाख रुपये दंड होता, तरी अकोटला शेतकऱ्यांनी ते पेरले. खुरपणीला मजूर मिळत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. त्याचबरोबर हेही खरे की, खुरपणीची मजुरी हीच भूमिहीन बाईची हक्काची कमाई असते, आणि तणनाशकाचा अमर्याद वापर झाला तर उद्या तणही अळीसारखेच निर्ढावेल. या दोन्ही बाजू मांडून निर्णय घेण्याऐवजी आपण बंदी कागदावर ठेवली आणि बियाणे बाजारात. त्याची पावती नाही. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? चोरीचा माल घेतला, असे म्हणून कायदा उलट त्यालाच दटावणार. पाळता न येणारी बंदी शेतकऱ्याचे रक्षण करीत नाही. ती फक्त विक्रेत्याला जबाबदारीतून मोकळे करते.

मग उपाय काय? माझ्या मते तो सार्वजनिक संशोधनात आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने 'बिकानेरी नरमा' हे सरळ बीटी वाण आणले होते, म्हणजे शेतकऱ्याला बी राखता येईल असे. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळले व २००९ अखेर ते मागे घ्यावे लागले. हा प्रयत्न फसला म्हणून ती वाटच चुकीची ठरत नाही. आपल्या जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठांनी वादग्रस्त वाणांच्या चाचण्या बंदिस्त व सुरक्षित पद्धतीने कराव्यात, त्या शेतकऱ्यांना व विरोधकांना दाखवाव्यात, निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो सोप्या मराठीत छापावा. वाण योग्य ठरले तर ते सरळ वाणाच्या रूपात, पावतीसह द्यावे. अयोग्य ठरले तर कारणे सांगून नाकारावे आणि मग चोरट्या विक्रीवर खरोखर हात टाकावा. याचबरोबर राहीबाईंनी जपलेल्या वाणांसारख्या वाणांनाही त्याच प्रयोगशाळेत, त्याच मानाने जागा मिळावी. कारण उद्याच्या कोणत्याही नव्या वाणाचे मूळ भांडवल तेच आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारी काम रेंगाळते, तोवर शेतकऱ्याने थांबावे काय? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चाचण्यांना मुदत हवी. प्रत्येक हंगामातला विलंब शेवटी चोरट्या बाजाराच्याच पथ्यावर पडतो.

मित्रहो, आपण प्रयोगशाळेत काम करणारे नाही. परंतु मृगापूर्वी घरी येणाऱ्या पिशवीवर काय लिहिले आहे ते वाडवडिलांना वाचून दाखवणे, दुकानदाराकडून पावती मागणे आणि मिळाली नाही तर 'का नाही?' असे विचारणे, एवढे तर आपल्याला करता येईल? शिकलेल्या मुलाकडून घराने एवढी अपेक्षा ठेवली, तर ती फार मोठी म्हणता येणार नाही.