आधी पोसा, मग मारा

मांजरसुंब्याला गाड्या थांबतात त्या रबडीसाठी. माझ्या दुकानापुढे मार्च लागला की थांबतात त्या एकाच मागणीसाठी: "तळं हिरवंगार झालंय, काहीतरी जालीम द्या."

मी ठिबकचं सामान विकतो, बंद पडलेले संच चालू करून देतो. जालीम काही ठेवत नाही. तसं सांगितलं की गिऱ्हाईक कीव आल्यासारखं माझ्याकडे बघतं, पुढच्या दुकानात जातं आणि मोरचुदाची पिशवी किंवा कसलीशी रंगीत बाटली घेऊन येतं. बाटलीवर आत काय आहे ते नाही, किती पाण्याला किती टाकायचं ते नाही. किंमत मात्र ठळक. बियाण्याची पिशवी चार वेळा उलटीपालटी करून बघणारा माणूस ही बाटली डोळे झाकून घेतो, कारण त्याला शेवाळाचा राग आलेला असतो. रागावलेल्या गिऱ्हाइकाला काहीही विकता येतं.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. हे शेवाळ तुम्हीच पोसलंय. वर्षभर पोसता आणि उन्हाळ्यात त्याला मारायला निघता.

बालाघाटाच्या माथ्यावर पाण्याचं मोल इथल्या माणसाला शिकवायची माझी टाप नाही. मांजरा याच डोंगरात उगम पावते, पण तिचं पाणी खाली धनेगावच्या धरणाला; आम्ही वर कोरडे. म्हणून २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा लोकांनी मागितलं, खोदलं, प्लॅस्टिक अंथरलं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं, काठ उताराचे धरले तर २,१९६ घनमीटर पाणी मावतं. म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. सीताफळाची बाग जगते, पोरांची फी निघते. चांगलंच झालं.

आता या २२ लाख लिटरमध्ये काय काय जातं ते बघा. वरच्या वावरात कांद्याला टाकलेलं डीएपी पहिल्याच मोठ्या पावसात बांध ओलांडून तळ्यात. कुंपण नाही, म्हणून शेळ्या काठावर पाणी पितात आणि जाताना लेंड्या ठेवून जातात. मासे सोडलेत, म्हणून पेंड आणि शेणाची पाटी. शेण टाकलं की मासा फुगतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. फवारणीचा पंप आणि खताची टाकी धुवायची तीही काठावरच. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बॅकवॉश. सॅण्ड फिल्टरमध्ये अडकलेलं शेवाळ उलट्या पाण्यानं धुऊन काढतात. ते घाण पाणी सोडायचं कुठं? परत तळ्यात! "पाणी वाया कशाला घालवायचं?" आठवडाभर फिल्टरनं जे गाळून धरलं ते पाच मिनिटांत पुन्हा पाण्यात, आणि वर काटकसरीचा अभिमान. मी हे बोलून दाखवलं की लोक हसतात. पाईप मात्र कुणी वळवत नाही.

त्यात ऊन. कढईतलं दूध आटत जातं तशी रबडी गोड होत जाते, हे मांजरसुंब्याच्या पोराला सांगावं लागत नाही. तळ्यातही तेच होतं. पाणी वाफ होऊन जातं, नत्र आणि स्फुरद मागं उरतं. डिसेंबरात काठोकाठ असलेलं तळं नुसत्या उन्हानं निम्म्यावर आलं, तर उरलेल्या पाण्यात खताचं प्रमाण दुपटीवर गेलं. नेमकं तेव्हाच पाणी कोमट होतं आणि दिवस मोठा होतो. शेवाळाला आणखी काय हवं?

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तलावाच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं; दुसऱ्यात तेच, वर स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, पडद्यापलीकडचं पाणी होतं तसं राहिलं. वरून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला. आमच्याकडे प्रत्येक तळ्यात प्लॅस्टिक आहे आणि स्फुरदालाही तोटा नाही. फोटोही निघतात, पण ते अनुदानाच्या फायलीला लावायला, तळं नवंकोरं असताना.

मोरचूद शेवाळ मारतो का? मारतो. पण त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरलेल्या तळ्याला सव्वादोन किलोच्या आत, आणि तेही पाणी मोजून, सामू आणि क्षारता तपासून. आमचं माप ओंजळ. शिवाय इथलं बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात तांबं कार्बोनेटशी जुळून तळाला बसतं, शेवाळ वर तसंच डुलत राहतं, म्हणून आणखी दोन किलो. पाणी मृदू असलं तर उलटं: तेवढ्याच तांब्यानं मासे जातात. तळाला बसलेलं तांबं नाहीसं होत नाही. ते गाळात राहतं, आणि पुढं कधीतरी तोच गाळ तुम्ही सोनं म्हणून वावरात पसरता.

समजा, डोस नेमका बसला. तळं दोन दिवसांत तपकिरी होतं, गिऱ्हाईक खूश. पण मेलेलं शेवाळ गेलं कुठं? तिथंच सडतं. सडताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि पहाटे, जेव्हा प्राणवायू मुळातच सगळ्यात कमी असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. दिवस उजाडतो तो पांढऱ्या पोटांवर. सडून सुटलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात, पुढच्या शेवाळाला तयार. काही आठवड्यांनी तोच माणूस, तीच बाटली. विकणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही तळ्याला कुंपण घाला असं कधी सांगितलं नसतं.

पाण्यावर रंग सांडल्यासारखा तवंग आला, काडी घातली तर तारा न लागता नुसता रंगच लागला, तर ते निळं-हिरवं शेवाळ. तिथं खेळ फारच अंगाशी येतो. त्याच्या काही जाती विष तयार करतात. पेशी फुटली की ते पाण्यात उतरतं, आणि पाणी उकळून जात नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर १९७९ साली पिण्याच्या पाण्याच्या सॉलोमन धरणात शेवाळ माजलं, म्हणून त्यात मोरचूद टाकला. त्यानंतर काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. यकृत सुजलेलं, मूत्रपिंडं बिघडलेली. कारण सापडेना म्हणून आधी त्याला गूढ आजारच म्हणत होते. बोट शेवाळाच्या विषाकडं वळलं ते नंतर. आमच्याकडे गुरं त्या तवंगातून पाणी पितात, मोरचूद टाकला त्या संध्याकाळीही पितात. गाय दगावली की डॉक्टरला शिव्या.

तळ्यातलं ज्याच्या डोळ्यांत भरत नाही त्याला मी ठिबकची नळी दाखवतो. टोकाची एण्ड कॅप काढून मोटार चालू केली की आधी काळपट पाणी येतं, मग बोटभर लांबीचा बुळबुळीत लोळा नळीतून घसरत बाहेर पडतो. चिमटीत धरावा तर निसटतो. वास सडक्या चिखलाचा, हात दोनदा धुतला तरी न जाणारा. गिऱ्हाईक विजयी मुद्रेनं म्हणतं, "बघा, शेवाळ!" अहो, काळ्या नळीत ऊन कुठून येणार? तिथं शेवाळ वाढतच नाही. हा जिवाणूंचा चिकटा आहे, मेलेल्या शेवाळावर पोसलेला. वर तळ्यात जे मारलं तेच फिल्टरमधून निसटून ड्रिपरच्या तोंडाशी येऊन बसलं. मग ड्रिपर तुंबले म्हणून क्लोरीन, क्लोरीननं भागेना म्हणून ॲसिड, आणि एखादा बहाद्दर दोन्ही एकाच बादलीत ओततो. त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसाला मारू शकतो, हे त्याला बाटली विकताना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि ही खोड फक्त वावरातल्या माणसाची आहे, असं शहरातल्यांनी समजू नये. माझा भाचा पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. त्याच्या दिवाणखान्यात समुद्र आहे: काचेचा, तीनशे लिटरचा, निळ्या दिव्यांचा. आत जिवंत प्रवाळ, मधून विदूषक मासे. परवा त्याचा फोन आला.

"मामा, सगळी वाळू लाल झालीय. वर बुळबुळीत चादर धरलीय. अँटिबायोटिक टाकू का?"

"माशांना खायला किती वेळा घालतोस?"

"दोनदा. मुलगी हट्ट करते तेव्हा तीनदा."

"आणि पाणी कधी बदललंस?"

यावर तो दिव्यांच्या किमतीबद्दल बोलायला लागला.

त्याची लाल चादर म्हणजे आमच्या निळ्या-हिरव्याचेच खाऱ्या पाण्यातले भाऊबंद. एरिथ्रोमायसिननं ती दोन-चार दिवसांत जाते, हे खरं. सोबत टाकीतल्या उपयोगाच्या जिवाणूंनाही तडाखा बसू शकतो, ते औषध पाणी बदलताना मोरीत जातं, आणि उरलेल्या खाद्यावर चादर पुन्हा धरते. गंमत अशी की हाच भाचा तांब्याच्या नावानं चळाचळा कापतो. टाकीत तांब्याचा अंश जरी उतरला तरी गोगलगाई, कोळंबी, प्रवाळ मरतात, हे त्याला पाठ आहे. इथं त्याचे सगळे मामा ते किलोनं ओततात.

त्याच्या मित्रांत याच्या उलटी एक जमात आहे, स्वच्छतेनं पछाडलेली. नायट्रेट शून्य हवं, फॉस्फेट शून्य हवं, आणि त्यासाठी लोहाची भुकटी, लँथनम क्लोराईड, महागडी यंत्रं. पाणी असं उपाशी ठेवलं की हिरवं जातं आणि पुष्कळदा त्याच्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, शेंबडी, बुडबुडे अडकलेल्या तारा. त्यांच्या काही जाती खाल्ल्या की गोगलगाई मरतात. मग जाणकार काय करतात? नायट्रेट विकत आणून टाकीत घालतात! आधी काढायला पैसे, नंतर घालायला पैसे. ते प्रवाळ आले कुठून, हे विचारलं की सगळेच आवाज खाली करतात. भारतातले रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. बाहेरून आणलेत, बिल आहे, असं भाचा म्हणतो. असेल. मालवणला समुद्रात डोकं घालून ते बघता येतात, आणि तिथं दिव्यांचं बिल येत नाही.

सरकारी पातळीवर हेच मोठ्या आकड्यांत चालतं. रंकाळा घ्या, पवई घ्या: सांडपाणी एका बाजूनं आत, जलपर्णी काढायची कंत्राटं दुसऱ्या बाजूनं, पुन्हा पुन्हा. सांडपाणी थांबलं तर कंत्राटदारानं खावं काय?

मग करायचं काय, म्हणाल. जे करायचं त्यात विकण्यासारखं फारसं नाही, म्हणून ते तुम्हाला कुणी सांगत नाही. पावसाचं पाणी थेट आत घेऊ नका. तोंडाशी गाळ बसायला खड्डा करा, वावराच्या बाजूनं चर काढा. शेळ्यांना बाहेर हौद बांधा. पेंड मासे लगेच संपवतील तेवढीच. बॅकवॉशचा पाईप बांधावरच्या आंब्याकडे वळवा, झाड दुवा देईल. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह तळाला टाकू नका आणि तवंगातही नको. डबा बांधून पृष्ठभागाच्या हातभर खाली लोंबकळत ठेवा. सावली करा. लॉस एंजेलिसनं २०१५ साली आपल्या जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे चेंडू सोडले होते, पाण्याला ऊन लागू नये म्हणून. आपल्याला चेंडू नकोत, थोड्या भागावर का होईना, शेडनेट ताणा. तारांचं शेवाळ हातानं, जाळ्यानं ओढून बाहेर काढा. बाहेर म्हणजे काठावर नव्हे, पहिल्या पावसात ते परत आत येतं. उकिरड्यात न्या, खत होतं. तुमचंच डीएपी आहे ते, विकत घेतलेलं.

हे एका उन्हाळ्यात होत नाही. ज्याला परवाच्या लग्नाआधी तळं निळं करून हवंय त्यानं बाटलीच घ्यावी, मी अडवणार नाही.

बाकीच्यांसाठी माझ्या दुकानात शेवाळ ओढायचं एक मोठं जाळं आहे. भाडं नाही. घेऊन जा, काम झालं की धुऊन आणून द्या. फक्त ते तळ्यात धुवू नका.