वारीला निघण्याआधी गुडघा दाखवून घ्या

माउली, प्रस्थानाला महिना उरला आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटरची वाट, मध्ये दिवे घाटाची चढण. ज्यांचा गुडघा सुजतो, मांडी घालताना ताठरतो, त्यांना हात जोडून विनंती आहे: निघण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.

‘गुडघ्यात पाणी झालंय’ असं आपण म्हणतो. निरोगी गुडघ्यातही चमचाभराहून कमी वंगण असतंच. आतलं अस्तर चिडलं की ते वाढतं. ते चिडतं कशानं, हे शोधणं महत्त्वाचं. कूर्चा झिजलेली असेल, गादी फाटलेली असेल, आमवात किंवा युरिक आम्लाचे खडे असतील. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला राहिला, तर क्षयही असू शकतो. बाहेरून सूज सारखीच दिसते, औषध मात्र प्रत्येकाचं निराळं.

म्हणून बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. त्यानं कातडी जळते, जखमेतून जंतू शिरतात आणि मधुमेह असेल तर ती जखम लवकर भरत नाही. बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

सुईनं पाणी काढायला अनेकजण भितात. ‘एकदा काढलं की दर वेळी काढावं लागतं,’ हे मी कितीदा ऐकलं आहे! पाणी पुन्हा भरतं ते मूळ कारण तसंच राहिल्यामुळे. काढलेलं पाणी तपासलं की जंतू आहेत का, खडे आहेत का, ते कळतं, आणि गुडघ्यातला ताणही उतरतो.

गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर आत पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही दिवसांच्या उशिरानंही सांधा कायमचा खराब होतो. पडल्यावर काही तासांत गुडघा फुगला, तरी थांबू नका, आत रक्त साचलेलं असू शकतं.

वाटेत सूज आली तर मुक्कामी पाय उशीवर ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं लावा. सुजल्या गुडघ्यावर जोरानं मालिश नको. उपाशीपोटी, पाणी न पिता वेदनाशामक गोळ्या घेत चालत राहिलात, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

दिंडीप्रमुखांनो, ज्याचा गुडघा सुजला त्याला सामानाच्या ट्रकमध्ये जागा द्या, आणि त्याची वारी मोडली असं कुणालाही म्हणू देऊ नका.