कोणत्या कंपनीची गाडी जास्त टिकते? यादी शेअर करण्याआधी हे वाचा

'जगातल्या सर्वात भरवशाच्या गाड्या' असं एखादं रील अधूनमधून व्हायरल होतंच. यादीत वर लेक्सस, टोयोटा आणि खाली कमेंटमध्ये मारुतीवाले विरुद्ध टाटावाले! पण या याद्या नक्की मोजतात काय? गाडीचं कर्ज 5 ते 7 वर्षं फेडायचं असतं. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही, खिशाचा आहे.

यादी तयार कशी होते?

अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही कंपनी 3 वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारते, गेल्या 12 महिन्यांत काय काय बिघडलं? त्यातून दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी, हा आकडा निघतो. आकडा कमी, तितकं चांगलं. 2025 मध्ये सरासरी 202 होती, तर पहिल्या आलेल्या लेक्ससचा आकडा 140.

आता गंमत बघा. या सर्वेक्षणात सर्वात जास्त तक्रार इंजिनची नव्हतीच. ती होती अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले नीट कनेक्ट न होण्याची! आणि इथे गिअरबॉक्स गेला तरी एक तक्रार, फोन जोडला गेला नाही तरी एकच तक्रार.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही दुसरी संस्था मात्र मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते. त्यांच्या 2023 च्या सर्वेक्षणात हायब्रिड गाड्यांमध्ये साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी अडचणी दिसल्या, तर इलेक्ट्रिकमध्ये 79 टक्के जास्त. कारण साधं आहे. टोयोटाची प्रियस 1997 पासून रस्त्यावर आहे, तंत्रज्ञान मुरलेलं आहे. म्हणजे 'जितकी साधी गाडी, तितकी टिकाऊ' हा नियम दरवेळी खरा नसतो.

ही यादी आपल्याकडे चालते का?

जशीच्या तशी नाही. अमेरिकेतल्या यादीत वर असणारी सुबारू भारतात विकतच नाहीत. शिवाय आपल्याकडे लोगो एकाचा, गाडी दुसऱ्याची असाही प्रकार आहे. टोयोटा ग्लान्झा म्हणजे मुळात मारुतीची बलेनो. उलट मारुतीची ग्रँड विटारा टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदी कारखान्यात बनते. एकेकाळी फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन मारुती स्विफ्टमध्येही होतं आणि टाटा इंडिका व्हिस्टामध्येही. मग 'कुठली कंपनी' यापेक्षा 'कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स' हा प्रश्न जास्त कामाचा नाही का?

चांगलं नाव असलेल्या कंपनीचंही चुकतं. 2024 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 1 लाख 2 हजार गाड्या परत बोलावल्या, कारण इंजिनात कारखान्यातला धातूचा कचरा राहिलेला असू शकत होता.

आणि हो, क्रॅश टेस्टचे 5 स्टार म्हणजे टिकाऊपणा नव्हे. ते फक्त अपघातातली सुरक्षा सांगतात.

मग बघायचं काय?

पहिलं म्हणजे वॉरंटी. मारुतीने जुलै 2024 मध्ये ती 2 वर्षं/40 हजार किमीवरून 3 वर्षं/1 लाख किमी केली. पण 7 वर्षांचं कर्ज आणि 3 वर्षांची वॉरंटी म्हणजे उरलेली 4 वर्षं हप्ताही तुमचा आणि दुरुस्तीचा खर्चही तुमचाच. वाढीव वॉरंटीची किंमत गाडी घेतानाच हिशोबात धरा.

दुसरं, मॉडेल नवंकोरं असेल तर थोडं थांबा. सुरुवातीच्या त्रुटी पहिल्या वर्ष-दोन वर्षांत समोर येतात.

तिसरं, जुनी गाडी घेताय? कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉलचं काम बाकी आहे का ते तपासा. जुनी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची 'लाइफटाइम' वॉरंटी फक्त पहिल्या मालकालाच आहे का, हे आधी वाचा.

शेवटी, तुमच्याच गावात तेच इंजिन असलेली, लाखभर किमी चाललेली गाडी शोधा आणि मालकाला सर्व्हिसची बिलं दाखवायला सांगा. रीलपेक्षा ती बिलं जास्त खरं बोलतात.